पहिला पर्याय

घाटनांदूरच्या नेट कॅफेत अंजूच्या प्रवेशअर्जात पहिला पर्याय भरायचा होता. “तिच्या ताईसारखं कम्प्युटर इंजिनिअरिंगच टाका,” वडील राधाकिशननाना ऐटीत म्हणाले. अंजूला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, पण नानांपुढं बोलायचा धीर नव्हता. तिनं ताईकडं, विजयमालाकडं पाहिलं. पुण्यात रोज सकाळी ऑफिसची पायरी चढताना होणारी धडधड विजयमालानं घरात कळू दिली नव्हती. कॅफेवाल्यानं माऊस हलवला, तशी ती ओरडलीच, “थांबा! नाना, मला माझं काम आवडत न्हाई. लई भ्या वाटतं. ही लाइन घेऊन मी चुकले.” नाना चपापले. “बोललीस कावून न्हाई?” “तुमी गावभर पेढे वाटत व्हता.” मग “अंजू म्हणल ते टाका,” म्हणत नाना थोरलीकडं वळले. “आन् तुला काय व्हायचं व्हतं?” विजयमालाला काही केल्या आठवेना.