टाच बाहेर

सिग्नल लाल झाला, सायकल थांबली, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई सायकलसकट डाव्या अंगावर आडव्या झाल्या. ना कुणाची धडक, ना खड्डा. भर चौकात, उभ्या जागी. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून पाहिलं. दिवसभर लोकांचे दात काढणाऱ्या बाईला बघून त्याने मनसोक्त आपले काढले.

"लागलं का गं?" नवरा धावत आला. त्याची स्कूटर योगायोगाने मागेच होती. खिशात कापूस होता, मलमाची ट्यूबही होती. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिच्या मैत्रिणी म्हणत.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. कोपर चांगलंच सोलवटलं होतं.

"ही चौथी वेळ. आपलं ठरलं होतं."

ठरलं होतं खरं. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मुलीने फोनवर रडून गोंधळ घातला होता. वैतागून ती बोलून गेली होती, "पुन्हा पडले तर जुने पॅडल लावीन, मग तरी गप्प बसाल?" शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

पॅडलचं नाव क्लिपलेस. म्हणजे क्लिप नसलेले. प्रत्यक्षात पाय ठेवला की बुटाखालचा तुकडा खट्कन पॅडलमध्ये अडकतो आणि माणूस सायकलला जखडला जातो. नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायला हवं, असं तिला नेहमी वाटे. सुटायचं तर टाच बाहेर झटकायची, तीही थांबायच्या आधी. थांबल्यावर आठवलं तर फार उशीर झालेला असतो. दुकानदाराने एका बाजूने साधे, एका बाजूने अडकणारे असेही पॅडल दाखवले होते. "तुमच्या वयाला हे बरे," तो म्हणाला होता. तिने दोन्ही बाजूंनी अडकणारेच उचलले होते.

कारण तलावामागचा चढ. दोन वर्षं ती त्या चढावर अर्ध्यात उतरून सायकल ढकलत होती. हे पॅडल लावले आणि दुसऱ्याच आठवड्यात ती न उतरता वर पोचली. पाय नुसते दाबत नव्हते, वर ओढतही होते. वर पोचल्यावर ती एकटीच मोठ्याने ओरडली होती. आता जुने पॅडल म्हणजे पुन्हा अर्ध्यात उतरणं आलं, आणि ते तिला कबूल नव्हतं. पण शब्द दिला होता.

दुकानात नवऱ्याने जुन्या पॅडलची पिशवी काउंटरवर ठेवली. तो अगदी हळुवार बोलत होता. दुकानदार एके काळी शर्यतीत उतरलेला माणूस. त्याने सायकल स्टँडवर चढवली.

"बसवतो. पण आधी बघू दे, पाय अडकतो कुठे," असं म्हणून त्याने स्वतःचे बूट चढवले, सायकलवर बसून एक पाय खट्कन अडकवला. टाच फिरवली. पुन्हा फिरवली. कपाळावर आठ्या आल्या.

"डॉक्टर, यातून तुम्ही पाय काढता कसा?"

"टाच बाहेर झटकून. तुम्हीच तर शिकवलंत."

"माझा निघत नाहीये."

शेवटी त्याने नाडी सोडली आणि बुटातून पायच काढून घेतला. बूट पॅडलला लटकत राहिला. तो वाकून पॅडलच्या मागचा, पकड घट्ट-सैल करणारा बारीक स्क्रू पाहू लागला.

"मी देताना हे अगदी सैल ठेवले होते. आता पार शेवटपर्यंत आवळलेत. शर्यतीतली पोरंसुद्धा इतके आवळत नाहीत. कुणाचा उद्योग हा?"

घरात पाना चालवणारा एकच हात होता. नळ, कुकरची मूठ, चष्म्याची दांडी, सगळं तोच आवळायचा. दर आठवड्याला तिची सायकल पुसून चेनला तेलही तोच घालायचा. ती नवऱ्याकडे वळली. तो भिंतीवरचे टायर निरखत होता.

"मीच," तो म्हणाला. "दोनदा पडलीस की कंटाळून सोडशील, असं वाटलं. त्या रस्त्याला ट्रक असतात गं. मला झोप लागत नाही."

"आणि स्कूटर?"

"रोजच असतो मागे. पडलीस तर उचलायला."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर ती आपल्याच पायांना नावं ठेवत होती. वय झालं, आता जमायचं नाही, असं आरशाला सांगत होती. चार वेळा पडलेलं सगळ्यांनी मोजलं होतं. बाकीच्या प्रत्येक सिग्नलला तिने याच पॅडलमधून पाय सोडवला होता, ते तिनेसुद्धा मोजलं नव्हतं.

दुकानदाराने पाना उचलला. "एका मिनिटात सैल करतो. मग पडण्याचं नाव नाही."

"हात लावू नका."

"अगं, शब्द दिला होतास," नवरा पुटपुटला.

"शब्द माझ्या पडण्याचा दिला होता. तुमच्या पाडण्याचा नव्हता."

तिने सायकल स्टँडवरून खाली घेतली. लटकलेला बूट जोर लावून एका झटक्यात सोडवला आणि दुकानदाराच्या हातात दिला. तो बघतच राहिला.

"हे आहेत तसेच राहतील. मला जमतात."

"मग मी काय करू?" दुकानदाराने विचारलं.

"यांच्या उंचीची एक सायकल काढा, आणि यांच्या मापाचे बूट," ती म्हणाली. "स्क्रू मी आवळते."