विकलेली पहिली प्रत

“गुरुजी, आज एकही प्रत फुकट द्यायची नाही हं!” ग्रंथपाल मंदाताईंनी सगळ्यांदेखत दटावलं, तेव्हा दातीरगुरुजी ओशाळून हसले. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या लेखकांची पुस्तकविक्री वाचनालयात भरवायचं धाडस ताईंचंच. गुरुजींना त्याचं फार कौतुक होतं. शेजारच्या टेबलांवर पुस्तकं खपतही होती. पण गावच्या विहिरींवरचं आपलं पुस्तक कोण विकत घेणार? सहा वर्षांत त्यांनी ते नुसतं वाटलं होतं.

दुपारी एक अनोळखी बाई थेट त्यांच्यापुढे आल्या. पैसे देऊन त्यांनी पुस्तक सहीसाठी उघडून धरलं. गुरुजींनी घाईघाईने लिहिलं, ‘सप्रेम भेट’, आणि जीभ चावली. वाटून वाटून हाताला तेवढंच वळण पडलं होतं!

“चुकलंच माझं. दुसरी प्रत देतो,” ते पुटपुटले.

“अहो, राहू द्या!” बाईंनी पुस्तकावर हात ठेवला. “वाचनालयातून दोनदा नेलं मी हे. माझ्या माहेरची विहीर बुजवली, आता ती फक्त तुमच्या पुस्तकात उरलीय. ही भेटच झाली की! लिहा, खाली माझं नाव लिहा.”

गुरुजींनी पेन टेकवलं आणि ते थबकले. आजवर पुस्तक दिलं ते नातलगांना, स्नेह्यांना. नाव कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

“आपलं नाव?” त्यांनी विचारलं, तेही इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या टेबलाजवळून मंदाताईंनी वळून पाहिलं.