घरी सगळं ठीक?

कपाळाला पट्टी बांधण्याआधी पशुवैद्यकीय कॉलेजच्या राऊळ सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “घरी सगळं ठीक?” शाल्मलीनं सगळे विद्यार्थी देतात तेच उत्तर दिलं, “ठीक, सर.”

खरं तर सकाळीच तिच्या वडिलांना ऑपरेशनला आत नेलं होतं. पण आजचं प्रात्यक्षिक हुकलं असतं, तर बिबट्याला हात लावायची पाळी पुन्हा वर्षभर आली नसती. जाळीबाहेरच्या ताटलीत मोबाइल ठेवून ती पिंजऱ्यात शिरली.

गुंगीच्या इंजेक्शनांनी जनावरं दगावू लागल्यापासून ती बंदच झाली होती. आता एक पट्टी विद्यार्थ्याच्या कपाळाला आणि एक जनावराच्या. पट्टीतून माणसाची शांतता जनावरात उतरायची आणि ते निमूट पडून राहायचं. शाल्मलीच्या पट्टीशी जोडलेली बिबट्याची मादीही तशीच पडली होती. शाल्मलीचा प्रात्यक्षिकातला जोडीदार हेरंब मादीच्या जबड्यात हात घालून किडका सुळा उपटत होता.

शाल्मली श्वास मोजत होती. चार, पाच... एव्हाना हॉस्पिटलमधून फोन यायला हवा होता. सहा...

मादीची शेपटी हलली.

“लक्ष कुठंय तुझं?” हेरंब कुजबुजला.

“इथंच आहे रे.”

मादीनं डोळे उघडले.

“हात काढ!” सर ओरडले. हेरंब हात ओढून भिंतीला चिकटला. मादी उठली, पण तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती तडक जाळीपाशी गेली आणि पलीकडच्या ताटलीतल्या मोबाइलकडे टक लावून बसली.

मादीवरची नजर न हलवता सरांनी हळूच विचारलं, “शाल्मली, घरी काय झालंय?”