दोन कप्पे, एक प्लग

"आधी मला हे सांग, याचा वास त्यात जातो का?" काकूंनी एअर फ्रायरचा डावा कप्पा ओढून नाकाजवळ नेला. यंत्र कोरं होतं, तरी त्यांनी नाक मुरडलं.

"त्यांना माशांचा वास सोसत नाही," काका म्हणाले. "आणि मला माशांवाचून जेवण सोसत नाही."

काउंटरवरच्या मुलीला दुकानात सगळे पुस्तिका म्हणत. खोक्यातली माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारी तीच एकटी. बाकीचे गिऱ्हाइकाला रंग दाखवत आणि हप्ते सांगत.

"दोन्ही कप्प्यांचे पंखे वेगळे आहेत, काकू. मधे भिंत आहे."

"भिंत आहे म्हणतेय," काकू काकांना म्हणाल्या. "बरं झालं. तुम्ही या बाजूला, मी त्या बाजूला."

"तुम्हाला हवी ती बाजू घ्या," काका म्हणाले. "पण सोमवारी सह्या करायच्या, त्याआधी रोजच्या जेवणाचं काय ते ठरू दे. तेच जमणार नसेल, तर तुम्ही तुमच्या घरी अन् मी माझ्या."

पुस्तिकाच्या हातातलं फडकं थांबलं. पलीकडच्या भिंतीवरचे टीव्ही पुसणारा टीव्हीवाला सरकत सरकत जवळ आला.

"वकिलाकडे निघालेत," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "ऐकलंस ना? बायकोला अहो-जाहो करतायत. नवरा 'तू'वरून 'तुम्ही'वर आला, की समजायचं, गाडी गेली."

ते पुस्तिकानंही ऐकलं होतं. तिच्या स्वतःच्या घरात वडील आईला 'तुम्ही' म्हणू लागले होते, त्याच वर्षी आई मामाकडे राहायला गेली. तेव्हा मधे पडून बोलायला कुणी नव्हतं. आज निदान ती होती, आणि हाताशी पुस्तिका होती.

"एकूण नऊ लिटर," ती जरा जास्तच जोरात म्हणाली. "एकेकाला साडेचार."

"म्हणजे बाहेर लिहायचं नऊ आणि वाट्याला यायचे साडेचार," काका म्हणाले.

"संसारच की," काकू म्हणाल्या. "माझ्या मुलीनं हेच बजावलं. आई, या वयात कशाला हे, लोक काय म्हणतील?"

"तुमची मुलगी निदान बोलली. माझ्या मुलानं फोनच ठेवून दिला."

भांडणात भांडीकुंडी वाटून घेतात, तशी यांनी पोरंही वाटून घेतली, असं पुस्तिकाला वाटलं. तिनं घाईघाईनं पान उलटलं.

"दोन्ही कप्प्यांना तापमान वेगवेगळं ठेवता येतं. यांचे मासे दोनशेवर कडक, तुमचा भोपळा दीडशेवर मऊ."

"मऊच हवा. माझे दात आता नावालाच आहेत."

"आणि दोन्ही एकदम लावले तर?" काकांनी विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. पण पुस्तिकाला ते जमत नसे. "वॅट तेवढेच राहतात, काका. जोर वाटला जातो. एकटा कप्पा पटकन करतो, दोघं मिळून थोडा वेळ घेतात. पण दोन्ही नीट होतात."

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"आणि हे बटण सिंकचं."

"म्हणजे याच्याखाली धुवायचं?" काकूंनी विचारलं.

"नाही हो! सिंक म्हणजे मेळ. ज्याला कमी वेळ लागतो, तो कप्पा आधी थांबून राहतो. दुसरा पुढे निघतो. मग हा सुरू होतो. शेवटी दोघं एकदमच संपतात."

"'संपतात' नको म्हणूस, बाई, आमच्या वयाकडे बघ," काका म्हणाले. "'तयार होतात' म्हण."

काकू खुदकन हसल्या. पुस्तिकाला वाटलं, जमतंय. पण काकूंनी पुन्हा डावा कप्पा हातात घेतला.

"खरं सांग हं. वास?"

टीव्हीवाल्यानं मागून डोळे मोठे केले. नाही म्हण आणि विकून टाक.

"कप्प्यातून कप्प्यात जाणार नाही," पुस्तिका म्हणाली. "स्वयंपाकघरात येणारच. मासे आहेत ते. खिडकी उघडावी लागेल."

टीव्हीवाल्यानं कपाळाला हात लावला. काकूंनी कप्पा सावकाश आत सरकवला.

"तुमच्या स्वयंपाकघरात खिडकी आहे ना?"

स्वयंपाकघरसुद्धा 'तुमचं'! पुस्तिकानं मनात नोंदलं.

"आहे. अडकते जरा," काका म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "उद्याच सुताराला बोलावतो. नाही आला, तर मीच रंधा मारतो. सताड उघडेल."

काकूंनी पर्स उघडली. "याला किती वर्षांची गॅरंटी आहे गं?"

"दोन, काकू."

"पुष्कळ झाली. बांध."

पुस्तिकाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं खोकं इतकं प्रेमानं बांधलं, की चिकटपट्टी दुप्पट लागली. टीव्हीवाल्याकडे तिनं मान वर करून पाहिलं, तर तोही नाक ओढत होता. दारापर्यंत खोकं काका उचलून नेत होते, आणि एका कोपऱ्याला काकूंचा हात होता.

तिला राहवलं नाही. धावत जाऊन तिनं दार धरलं.

"काका, आता झालं ना सगळं नीट? मग आता तरी काकूंना 'तू' म्हणा."

काकांचे कान लालबुंद झाले. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत रस्त्याकडे बघू लागल्या.

"सोमवारी सह्या होऊ देत की, बाळ," काका म्हणाले. "लग्नाआधीच कसं म्हणायचं?"