काकूंचं बरोबर आहे

पाच दिवस वारा पडला होता आणि मॉरिशसला निघालेली शिडाची होडी भर समुद्रात जागीच डुलत होती. पिण्याचं पाणी संपत आलं होतं.

"उरलेल्या डिझेलवर पूर्वेला जाऊ," सुलभा म्हणाली.

"तुला वाऱ्यातलं काय कळतं? इथेच थांबायचं," नवरा विश्राम म्हणाला. दूरच्या मालवाहू जहाजाला हाक मारायला त्याने रेडिओचा माईक उचलला होता आणि वादाच्या भरात बटण दाबलेलंच राहिलं होतं.

ते सुटताच रेडिओवर त्या जहाजावरून आवाज आला, "काका, मी देवगडचा. सगळं ऐकलं. काकूंचं बरोबर आहे. आम्ही पूर्वेकडूनच आलो, तिकडे छान वारा आहे."

सुलभाने माईक घेतला. "हे जरा पुन्हा सांगाल का?"

संध्याकाळी शिडं भरली. सुकाणू धरून विश्रामने बायकोला विचारलं, "आता कुठे वळवू?"