काचपेटीतला चष्मा

भैरवीताई चष्म्याच्या काचपेटीसमोर थांबल्या आणि कुमार दोन पावलं मागेच थबकला.

निपाणीतलं हे घर कादंबरीकार आनंदरावांचं स्मारक झालं, तेव्हा आत भिंतींशिवाय काही उरलं नव्हतं. कुटुंब केव्हाच पुण्याला गेलेलं. समितीनं खुर्ची, कंदील, पलंग इकडून तिकडून जमवला. चष्मा काही मिळेना आणि उद्घाटन तर तोंडावर आलेलं. मग देखभालीला नेमलेल्या कुमारनंच आपल्या वारलेल्या वडलांचा चष्मा आणून ठेवला. खाली 'लेखकाचा चष्मा' अशी चिठ्ठीही डकवली. सहा वर्षं तो पाहुण्यांना ऐटीत दाखवला. आज मात्र खुद्द लेखकाची लेक आली होती.

चष्म्याच्या डाव्या काडीला लाल दोरा गुंडाळलेला होता. तो बघून भैरवीताईंचे डोळे भरून आले.

"अण्णांचाच," त्या पुटपुटल्या.

कुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचे वडील यमनाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पण घरात दुसऱ्याचं उतरलेलं काही येत नसे. लहानपणी कुणीतरी दिलेला जुना सदरा कुमारनं गटारात फेकला होता आणि दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता. तेव्हापासून सगळं नवं. हा चष्माही कोल्हापुरातून नवा करून आणलाय, असं त्यांनीच सांगितलेलं. तरी पेपर मात्र ते शेवटपर्यंत हातभर लांब धरूनच वाचायचे. अशा मानी माणसाची वस्तू आपण दुसऱ्याच्या नावावर खपवली, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"ताई, लई खोटं वागलोय मी. ह्यो चष्मा अण्णांचा न्हाय. माझ्या वडलांचा हाय, यमनाप्पांचा."

भैरवीताई त्याच्याकडे वळल्या.

"वखारीतल्या यमनाप्पांचा मुलगा तुम्ही?"

"व्हय."

"बसा जरा."

'बसू नये' अशी पाटी लावलेल्या खुर्चीवरच त्यांनी त्याला बसवलं.

"तो दोरा मी बांधलाय," त्या म्हणाल्या. "अण्णांच्या तेराव्याला आईनं त्यांच्या वस्तू वाटल्या, तेव्हा चष्मा यमनाप्पांनी मागून घेतला. उंबऱ्यापर्यंत गेले, परत फिरले आणि आईला म्हणाले, 'वैनी, एवढं माझ्या पोराला कळू देऊ नका.'"