पाचवी टाचणी

जांभई आली, कानाजवळ कट्‌ झालं, आणि सुनेचा जबडा उघडा तो उघडाच राहिला. ओठांत धरलेल्या टाचण्या घरंगळून जिभेवर आल्या.

मागे एकदा जबडा निखळला होता, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं. दातांत काही धरायचं नाही, जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावायची. पण एका हातात पुतळ्यावर चढवलेल्या झग्याचा घेर, दुसऱ्यात खडू. मूठ आणायची कुठून? आणि कपडे शिवणाऱ्यांच्या टाचण्या तोंडात नाहीत तर असतात कुठे?

"आ... आ..." करत ती सासऱ्यांकडे वळली. म्हातारे मास्तर खिडकीशी बसून बटणं निवडत होते. हाताला कंप सुटल्यापासून कात्री त्यांनी सोडली होती. सुनेचं तोंड बघताच बटणांचा डबा उपडा झाला.

"गिळू नको! खाली वाक. अजून खाली!"

ती वाकली. लाळेबरोबर दोन टाचण्या टेबलावर पडल्या. अजून एक जिभेच्या मुळाशी टोचत होती आणि घशात आवंढा दाटून आला होता. गिळला की संपलं.

मास्तरांनी बोटं पुढे केली, ती थरथरताना पाहिली आणि स्वतःच मागे घेतली. ज्या हाताला सुईत दोरा ओवता येत नाही, तो सुनेच्या घशात कसा घालायचा? मग त्यांनी खिळ्यावरचा चपटा लोहचुंबक उपसला, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायचा. सदऱ्याला पुसला, एवढंच. चुंबक तिच्या दातांवर टकटक वाजत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला दोन टाचण्या चिकटल्या होत्या.

"चार," टेबलावरच्या दोन धरून मास्तरांनी मोजल्या. दुकानाचा नियम त्यांनीच घातलेला: पाच तोंडात, सहावी पोटात. "पाच धरल्या होत्यास ना? त्यातली एखादी लावलीस का?"

पाच धरल्या, हे नक्की. पण एक पुतळ्यावरच्या झग्याला लावली, की लावणार होती? काही केल्या आठवेना. ती तशीच वाकून राहिली, लाळ गळू देत. आत काही टोचतंय का, तेही कळेनासं झालं. भीतीने सगळंच टोचत होतं.

मास्तर गुडघ्यांवर बसले. घेर टाचण्यांनी भरलेला, बाकी सगळ्या सकाळी लावलेल्या. ते एकेक चाचपत पुढे सरकू लागले.

"कोरडी. कोरडी. हीपण कोरडी." जप करावा तसे पुटपुटत होते. अर्धा घेर संपला. "कोरडी. को... ओली! सूनबाई, ही ओली आहे गं!"

तिच्या डोळ्यांना धार लागली.

पुढचं डॉक्टरांनी मास्तरांना शिकवून ठेवलं होतं. अंगठ्यांना चिंध्या गुंडाळून त्यांनी ते तिच्या दाढांवर टेकवले, खाली दाबले, मग मागे. दाबायला कंप आड येत नाही. जबडा खटकन बसला आणि चिंध्यांवर दात उमटले. लगेच त्यांनी रुमाल तिच्या हनुवटीखालून डोक्यावर घट्ट आवळून बांधला.

"आता उघडायचं नाही. एक शब्द नको," ते दम टाकत म्हणाले. "आणि आजपासून या दुकानात टाचणी तोंडात धरायची नाही. कोणीही! माझाच मूर्खपणा, मीच शिकवलं तुला. टाचण्यांची गादी काय शोभेला ठेवलीय?"

तिने मान हलवली.

मास्तर पुन्हा घेराशी वाकले. "घाईत वाकडी लावलीस बघ ही." त्यांनी ती ओली टाचणी उपसली, घडी सारखी करायला दोन्ही हात मोकळे केले आणि टाचणी दातांत धरली.

ओरडायची सोय नव्हती. ती पुढे झाली, त्यांच्यासमोर बसली आणि तान्ह्याने तोंडात काही घातल्यावर आई धरते तसा तळहात सासऱ्यांच्या हनुवटीखाली धरला.